स्वस्त मांस आणि महाग पाणी

एकाच आठवड्यात दोन मजकूर माझ्यासमोर आले. दोन्हींचा विषय एकच होता, पण त्या दोन मजकुरांची एकमेकांशी ओळख नव्हती. ती ओळख करून देण्याचे काम आपल्या समीक्षेचे होते आणि तिने ते अजून पुरते केलेले नाही, असे मला वाटले. म्हणून हा लेख.

पहिला मजकूर एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतला. महागाईत घरखर्च कसा आटोक्यात ठेवावा याविषयी एका लेखिकेने गृहिणींना सल्ला दिला होता. बिनहाडाचे नरम मटण घेण्याऐवजी मान, नळी, पाया, वजडी, कलेजी घ्या. ती स्वस्त पडते, मंद आचेवर नीट शिजवली तर चवीलाही सरस लागते. थोडा वेळ द्या, पैसे वाचवा. सल्ला खोटा नाही. लेखिकेच्या हेतूबद्दलही माझी तक्रार नाही.

दुसरा मजकूर माझ्या वर्गातला. पदवीच्या विद्यार्थ्यांना मी दलित आत्मकथने शिकवतो. मेलेल्या जनावराचे मांस महारवाड्यात वाटले जाते, असा एक उतारा त्या दिवशी वाचायला होता. वाचन चालू असताना मधल्या बाकांवरून 'शी' असा आवाज आला. कोणीतरी हसले. मी थांबलो, दोन शब्द बोललो आणि पुढे गेलो. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, आमच्या घरी अजून वजडी होते. आई चांगली करते. पण पुस्तकात आमचं जेवण आलं की एक तर रडायला येतं नाही तर लोक नाक मुरडतात. आई ते कसं करते, हे कुठंच का नाही?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. मी तीसेक वर्षे हे साहित्य वाचतो आहे, शिकवतो आहे. वेदना, विद्रोह, नकार हे शब्द मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिले आहेत. 'चूल' हा शब्द एकदाही लिहिलेला नाही.

१

प्रथम 'स्वस्त' या शब्दाचा विचार करू. जनावराच्या अंगातला एक भाग महाग आणि दुसरा स्वस्त का ठरतो? खाटकाच्या दुकानात याचे उत्तर सरळ मिळते. पाय, मान, नळी हे जनावराचे राबणारे अवयव. ज्या स्नायूला आयुष्यभर काम पडते तो चिवट होतो. त्यात तंतू आणि सांध्याचा चीक जास्त. पाठीचा, कमरेचा भाग कमी राबतो म्हणून नरम राहतो आणि लवकर शिजतो. नरम भाग अर्ध्या-पाऊण तासात ताटात येतो. चिवट भागाला दोन-तीन तास मंद आच द्यावी लागते, तेव्हा कुठे ते तंतू विरघळून रश्शात उतरतात. पाया तर चुलीवर रात्रभर ठेवायची रीत होती.

आतल्या अवयवांची गोष्ट वेगळी. कलेजी चिवट नाही, ती काही मिनिटांत शिजते. पण ती टिकत नाही, त्याच दिवशी खपली पाहिजे. रक्ताचे तेच. वजडीला, आतड्यांना तर शिजवण्याआधी धुण्याचे काम, आणि ते काम असे की पैसेवाल्या घरातली बाई त्याला हात लावीत नाही. म्हणजे स्वस्त भाग तीन कारणांनी स्वस्त असतो. त्याला वेळ लागतो, तो टिकत नाही, किंवा त्याला घाण समजले जाते. पहिली दोन कारणे निसर्गाची आहेत. तिसरे कारण समाजाने घातलेले आहे.

आता हिशेब मांडा. नरम मटणाचा जो भाव, त्याच्या किती तरी कमी भावात वजडी मिळाली, असे धरू. राहिलेले पैसे वाचले काय? नाही. ते पैसे दुसऱ्या कोणीतरी भरले. सरपण, रॉकेल किंवा गॅस यांच्या रूपाने काही भरले, पाण्याच्या रूपाने काही भरले, आणि उरलेले एका बाईने आपल्या अंगमेहनतीतून आणि झोपेतून भरले. दुकानदाराच्या पावतीवर ही रक्कम येत नाही म्हणून ती खर्चात धरली जात नाही. पुरवणीतली लेखिका 'थोडा वेळ द्या' असे सहज लिहून गेली. ज्या बाईकडे द्यायला वेळ उरतो तिच्यासाठी तो सल्ला आहे. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून किंवा चार घरची भांडी घासून परतलेल्या बाईने हा वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न त्या लेखाच्या कक्षेत नव्हता.

२

माझी आई वजडी करीत असे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहत होतो. रविवारी सकाळी ती पितळी घेऊन खाटकाकडे जाई. "मामू, आज वजडी द्या, अन् वरून चरबीचा तुकडा टाका," असे म्हणे. तो चरबीचा तुकडा फुकट मिळे. तोच आमचे आठवड्याचे तेल.

वजडी घरी आली की खरे काम सुरू होई. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. एक टॉवेलासारखा लव असलेला, एक मधाच्या पोळ्यासारखा, एक वहीच्या पानांसारखा आणि चौथा गुळगुळीत. वहीच्या पानांसारखा जो कप्पा असतो त्याच्या प्रत्येक पानात चघळलेला चारा अडकलेला असतो. आई ती पिशवी उलटी करी, एकेक पान बोटाने उघडी, धुई. मग कढत पाण्यात बुडवून काढी आणि सुरीच्या पाठीने वरची काळी लव खरवडून काढी. फार वेळ बुडवली तर लव घट्ट बसते, कमी वेळ बुडवली तर सुटत नाही. तो नेमका क्षण तिला बोटांनी कळे. मग चुना किंवा जाड मीठ चोळायचे आणि पुन्हा पाणी. सात-आठ पाण्यांनंतर ती वास घेऊन पाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत चूल पेटत नसे.

"आरं, धुतली तर वजडी, न्हाई तर निस्ती घाण," असे ती म्हणे.

मग पाट्यावर वाटलेले सुके खोबरे, लसूण, भाजलेला कांदा, घरचे काळे तिखट. कांदा त्याच कढवलेल्या चरबीत परतायचा. मसाला थोडा आणि पाणी जास्त, कारण खाणारी तोंडे आठ होती. तो पातळ शेरवा आणि त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकर. वजडीचे तुकडे मोजून वाढले जात.

आता या कामात काय काय आले ते पाहा. शरीररचनेचे ज्ञान आले, पाण्याच्या उष्णतेचा अंदाज आला, नासलेले आणि ताजे यांतला फरक ओळखणारे नाक आले, आठ जणांत एक शेर कसा पुरवायचा याचे गणित आले. हेच ज्ञान एखाद्या मोठ्या हॉटेलातल्या आचाऱ्याकडे असते तर आपण त्याला कसब म्हटले असते. माझ्या आईकडे होते म्हणून त्याला गरिबी म्हटले गेले.

पण त्या सगळ्यात मला आज सर्वांत जास्त आठवते ते पाणी. वजडी धुवायला आठ-दहा हंडे लागत. हे पाणी आई रात्रीच भरून ठेवी. आमच्या वस्तीला एक नळ होता आणि तो थोडाच वेळ येई. तिच्या लहानपणी, तिच्या माहेरच्या खेड्यात, नळही नव्हता. गावच्या विहिरीवर महारांना चढता येत नव्हते. सवर्ण बाई कधी वरून पाणी वाढील याची वाट पाहत बसायचे, नाही तर ओढ्यात झिरा खोदायचा.

म्हणजे व्यवस्था कशी होती पाहा. जे मांस धुवायला सर्वांत जास्त पाणी लागते ते मांस, ज्यांना सर्वांत कमी पाणी मिळते त्यांच्या वाट्याला आले. मग त्याच व्यवस्थेने बोट दाखवून म्हटले, हे लोक घाणेरडे आहेत. आधी पाणी तोडायचे, मग घाण हातात द्यायची आणि शेवटी ती घाण त्यांच्या जातीचा गुण म्हणून नोंदवायची. वर्गातल्या त्या 'शी'च्या मागे हा एवढा इतिहास उभा होता. तो मी त्या दिवशी सांगू शकलो नाही.

३

हा इतिहास एका जागी लख्ख दिसतो. १९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्चला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. हे आपण सारे जाणतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागू नका, असेही सांगितले. पाणी आणि मांस हे दोन प्रश्न एकाच मांडवात आले, हा योगायोग नाही. पाण्याचा हक्क घ्या आणि लादलेले मांस टाकून द्या, ही एकाच लढ्याची दोन अंगे होती.

त्या आवाहनाचा आपल्याकडे एक सोपा अर्थ लावला गेला. तो असा की आपले जुने जेवण लाजिरवाणे होते, ते विसरावे, त्याविषयी बोलू नये. शिकलेल्या आमच्या पिढीने हा अर्थ फार मनावर घेतला. नोकरी लागली, शहरात खोली घेतली, तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी घरात वजडी शिजली की खिडक्या लावल्या. मीही लावल्या आहेत.

पण बाबासाहेबांचे म्हणणे काय होते? मृत मांस टाकून देण्याने महारांचे उत्पन्न बुडेल, कातडे, शिंगे, हाडे, मांस यांचे इतके इतके पैसे जातील, असा हिशेब मांडून त्यांना विरोध करणारे लोक होते. बाबासाहेबांनी त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. हे काम एवढे फायद्याचे असेल तर तुम्ही ते करा. या उत्तरात खरे म्हणजे काटकसरीच्या सगळ्या युक्तिवादाची चिकित्सा आहे. एखादी वस्तू स्वस्त आहे, फुकट आहे, एवढ्याने ती घेण्याजोगी होत नाही. तिच्याबरोबर काय घ्यावे लागते ते पाहिले पाहिजे. मृत मांसाबरोबर गावकी घ्यावी लागत होती, मेलेले ढोर ओढण्याची सक्ती घ्यावी लागत होती, अस्पृश्यपण घ्यावे लागत होते. नकार त्या सक्तीला होता. १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध तपासला, तेव्हाही त्यांनी खाणाऱ्याला दोषी ठरवले नाही. आपले ताट असे का बनले आणि त्या ताटावरून माणसे वेगळी कशी काढली गेली, हा त्यांचा शोध होता.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सक्तीने आणि लाचारीने पदरात पडलेले मृत मांस ही एक गोष्ट. स्वतःच्या मजुरीच्या पैशाने खाटकाकडून विकत आणलेली वजडी ही दुसरी गोष्ट. माझी आई दुसऱ्या प्रकारातली होती. तिने बाबासाहेबांचा शब्द मोडला नव्हता. तिच्या पितळीकडे पाहून मी शरमलो, तो दोष माझा होता.

४

आता आपल्या आत्मकथनांकडे आणि त्यांच्या समीक्षेकडे येतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्या पुस्तकाने मराठी मध्यमवर्गाला हादरा दिला. महारवाड्यातली जनावराची वाटणी, उन्हात वाळवलेल्या चान्या, कावाखान्यातले दाटीवाटीचे जगणे हे पहिल्यांदाच इतक्या थेटपणे छापले गेले. त्यानंतर शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली आले. शाळेच्या सहलीत सवर्ण मुलांचे उरलेले अन्न वाट्याला येते, तो प्रसंग वाचून कोणाच्याही घशाखाली घास उतरणार नाही. भूक हे त्या पुस्तकाचे केंद्रच आहे.

या लेखनाला प्रस्थापित समीक्षेने दोन प्रकारे प्रतिसाद दिला. एका गटाने त्याला 'दाहक अनुभव' म्हटले आणि त्या दाहाची तारीफ केली. दुसऱ्या गटाला त्यात किळस दिसली आणि त्याने कलामूल्यांचा प्रश्न काढला. दोन्ही गटांची नजर ताटावर होती, चुलीकडे कोणी पाहिले नाही. आपल्या बाजूच्या समीक्षेने या दोघांना उत्तरे दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. पण उत्तर देताना आपणही अन्नाला भुकेचे प्रतीक करून टाकले. भाकर म्हणजे शोषण, मांस म्हणजे लाचारी, पाणी म्हणजे समता. प्रतीक झाले की वस्तू दिसेनाशी होते. भाकर कोणी थापली, मांस कोणी धुतले, पाणी कोणी आणले, हे विचारण्याची गरज उरत नाही.

इथे पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या लेखनात मला फरक दिसतो. पुरुष लेखकाला बहुधा खाल्लेले अन्न आठवते. स्त्रीला केलेले अन्न आठवते. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले; त्याआधी ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः येत होते. त्यात वीरगावच्या महारवाड्यातले मांसाचे दिवस आहेत, आषाढातले सण आहेत आणि त्याबरोबर बाळंतिणीची भूकही आहे. ज्या बाईने नुकतेच मूल जन्माला घातले तिच्या पोटात घालायला घरात काही नाही. घरातल्या अन्नाच्या वाटणीत बाई कुठे उभी असते, हा प्रश्न बेबीताईंनी फार पूर्वी उभा केला. आपण त्या पुस्तकाला 'पहिले दलित स्त्रीआत्मकथन' या मानाच्या चर्चेत अडकवले आणि त्यातले अर्थशास्त्र सोडून दिले.

२००३ साली ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' आले. आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे असे त्यांनी मांडले आणि समीक्षेने ते आनंदाने उचलले. विणकामाला लेखनाशेजारी बसवायला आपली हरकत नव्हती. वजडी धुण्याला मात्र आपण तिथे बसवले नाही. टोपली बाजारात विकली जाते, तिची किंमत ठरते, म्हणून ती कारागिरी. शेरवा घरात संपून जातो, म्हणून त्याला हिशेब नाही. हा भेद मार्क्सवादी म्हणवणाऱ्या आमच्या मित्रांच्याही लक्षात आला नाही.

५

अलीकडे चित्र काहीसे बदलले आहे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले. २००९ साली 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' ही पुस्तिका आली. 'भारतीय जेवण' म्हणून ज्या थाळीचे चित्र दाखवतात त्यात आमची थाळी का नाही, हा तिचा सवाल होता. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाची त्यांनी नावानिशी नोंद केली. भोजनाआधी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातल्या पूर्णब्रह्माला त्यांनी शीर्षकातच प्रश्न विचारला. २०२४ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झाला आणि ते जगभर पोचले.

हे पुस्तक मी त्या विद्यार्थिनीला दिले. तिच्या प्रश्नाचे उत्तर तेथपासून सुरू होते. पाककृती लिहून ठेवणे हे साधे काम नाही. ज्या जेवणाला पाककृतीचा दर्जाच नाकारला गेला, त्याची कृती लिहिणे हा इतिहास लिहिण्याचाच भाग आहे. चान्या वाळवणे ही लाचारीची खूण म्हणून आपण वाचत आलो. पण एका दिवशी हाती आलेले मोठे जनावर, बर्फ नाही, तेल नाही, आणि पुढे चार महिन्यांचा पावसाळा, अशा स्थितीत मांसाच्या पातळ पट्ट्या कापून दोरीवर वाळवणाऱ्या माणसांना साठवणुकीचे शास्त्र कळत होते, हे आता म्हणता येते.

पण इथे मला एक धोका दिसतो आणि तो आपल्याच लोकांसमोर मांडला पाहिजे. लाज टाकून देताना आपण एकदम गौरवाकडे जाऊ पाहतो. 'आमची वजडी', 'आमची रकती' असे अभिमानाने म्हणताना ती करणारी बाई पुन्हा एकदा पडद्याआड जाते. आधी ती किळशीच्या आड होती, आता अस्मितेच्या आड जाते.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या अनुभवाकडे पाहा. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले तेव्हापासून आपली समीक्षा त्या साहित्याशी नाते सांगत आली आहे. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नावही तिकडूनच घेतले. गुलामगिरीच्या काळात मळेवाल्याने डुकराचे चांगले मांस ठेवून घ्यायचे आणि आतडी, पाय, कान, मान गुलामांकडे टाकायची. त्या बायकांनी त्यातून जे जेवण उभे केले त्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'सोल फूड' हे अभिमानाचे नाव मिळाले. पुढे बैलाच्या शेपटीसारखा एके काळचा टाकाऊ भाग हॉटेलांच्या मागणीमुळे इतका महागला की ज्यांनी तो खाण्याजोगा केला त्यांनाच तो परवडेना. गौरव झाला, आणि त्या गौरवाबरोबर भावही वर गेला.

आपल्याकडे याची सुरुवात झाली आहे. आमच्या भागातल्या खाटकाकडे मी मध्यंतरी पाया मागितला. तो म्हणाला, "सर, पाया आता हाटेलवाले पहाटंच उचलतात. सांगून ठेवावं लागतं." शहरात 'पाया सूप' मिळते, ते पौष्टिक म्हणून विकले जाते. ते पिणाऱ्यांपैकी कोणी 'शी' म्हणत नाही. घाण समजले जाणे हे स्वस्ताईचे एक कारण होते असे मी वर म्हटले. त्या वस्तूला उजळ हात लागताच ते कारण संपले. मग घाण त्या वस्तूत कधीच नव्हती, हे उघड आहे.

दुसरीकडे, जे मांस खरोखर गरिबाच्या आवाक्यातले होते ते कायद्याने दूर केले. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीच बंदी होती. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशी-रेड्याचे मांस चालते. पण 'मोठ्याचे' म्हटले की पिशवी तपासणारे हात वाढले आहेत, हे आपण पाहतो. स्वस्त मांस खा आणि पैसे वाचवा असा सल्ला देणाऱ्या पुरवण्या या कायद्याचे नाव घेत नाहीत. सर्वांत स्वस्त काय आहे हे बाजार एकटा ठरवत नाही. राज्यसंस्था ठरवते, आणि तिच्या मागे जात उभी असते.

६

शेवटी त्याच घरातल्या ताटाकडे परत येतो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कलेजी, रक्त, तिल्ली या स्वस्त भागांत लोह भरपूर असते आणि मांसातले लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा सहज घेते. म्हणजे ज्या घरात रविवारी कलेजी शिजते त्या घरातल्या बाईला तरी तिचा उपयोग व्हायला हवा होता. पण आमच्या घरी कलेजीचा तुकडा वडिलांच्या ताटात जाई, मग आम्हा भावांच्या. बहिणींना शेरवा मिळे. आई शेवटी बसे. पातेल्याला लागलेले भाकरीने पुसून घेई आणि म्हणे, "मला न्हाई आवडत कलेजी." ते मी कित्येक वर्षे खरे मानले.

ही गोष्ट मी कोणत्याही सभेत सांगितलेली नाही. गावच्या विहिरीने आम्हाला पाणी नाकारले हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. आमच्याच घरातल्या पातेल्याने आईला कलेजी नाकारली हे सांगायला मात्र आज वेळ लागला. आपल्या साहित्यावरील समीक्षेची खरी परीक्षा इथे आहे असे मला वाटते. प्रस्थापितांच्या नजरेतली किळस ओळखणे सोपे आहे. आपल्या स्वयंपाकघरातली वाटणी ओळखणे कठीण आहे, कारण तिथे आपण लाभधारक होतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. यापुढे एखाद्या आत्मकथनात अन्न आले की भूक आणि अपमान यांच्यापाशी थांबू नये. काही साधे प्रश्न विचारावेत. हे मांस कुठल्या भागाचे होते आणि तो भाग याच घरी का आला? ते धुवायला पाणी कोठून आणले, कोणी आणले? किती तास शिजले, सरपण कोणी वेचले? कोणाला काय वाढले, आणि शेवटी कोण जेवले? या प्रश्नांची उत्तरे लेखकाने दिली असतील तर त्यांची नोंद घ्यावी, दिली नसतील तर ती का दिली नाहीत हे तपासावे. असे वाचले तर आपल्या कित्येक परिचित पुस्तकांत आजवर न दिसलेली एक बाई दिसू लागेल.

आज घरात कुकर आहे. दाबामुळे त्यातले पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते आणि पायाला रात्रभर चूल लागत नाही. नळाला पाणी आहे, निदान माझ्या घरी आहे. पण वजडी कुकर धुऊन देत नाही. ती अजून हातानेच धुवावी लागते. मागच्या महिन्यात मी ती पहिल्यांदा स्वतः धुतली. दीड तास लागला. वहीच्या पानांसारखा जो कप्पा असतो तो मला नीट जमला नाही. थोडा चारा राहिला तो राहिलाच. आई असती तर तिने परत धुवायला लावली असती.

त्या विद्यार्थिनीने या सत्रात निबंधासाठी विषय मागितला तेव्हा मी तिला सांगितले, "तुझ्या आईला विचार, ती वजडी कशी करते. पाण्याच्या पहिल्या हंड्यापासून लिहून घे. मग ती आत्मकथने परत वाच." ती निबंध लिहिते आहे. पुढच्या वर्षी तो उतारा वर्गात पुन्हा येईल. मधल्या बाकांवरून पुन्हा आवाज येईलही. तेव्हा मला काय बोलायचे आहे ते आता माहीत आहे. मी आधी पाण्याविषयी बोलणार आहे.